गौरव्वा ओळखते

सिद्धलिंग बायकोला "ए" म्हणून हाक मारायचा आणि म्हशीला "गौरव्वा" म्हणून. म्हशीच्या नावाला अव्वा लावायचं, म्हणजे आईचा मान द्यायचा, आणि लग्नाच्या बायकोला नुसतं ए, यावरून जगदेवीनं सुरुवातीला भांडून पाहिलं. मग नाद सोडला. म्हैस तरी त्याची हाक ऐकली की हातातलं, म्हणजे तोंडातलं, काम टाकून वळायची. जगदेवीला तेवढं कधी जमलं नाही.

ती गौरव्वा कालपासून कडब्याला तोंड लावत नव्हती. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, आणि रेकायची ते असं की जणू घशात कुणी गोणपाट कोंबलंय. गाभण म्हैस. पोटात रेडकू, आणि पोट दोन्ही बाजूंनी आत गेलेलं.

"घशात अडकलंय," सिद्धलिंग म्हणाला होता, आणि बाह्या वर सरकवल्या होत्या.

उमरग्याच्या पुढं, हमरस्ता सोडून आत, जिथं लोक मराठीत भांडतात आणि कानडीत समेट करतात, तिथल्या चार-पाच गावांत सिद्धलिंगचा उजवा हात प्रसिद्ध होता. लांब, निमुळता हात. कुणाच्या बैलाच्या घशात उसाचं कांडं अडको, कुणाच्या गाईनं अख्खा बटाटा गिळो, सिद्धलिंगला बोलावणं यायचं. तो नखं काढायचा, कोपरापर्यंत करडईचं तेल चोपडायचा, जनावराच्या जबड्यात आडवं दांडकं धरायला लावायचा आणि हात आत घालायचा. डोळे मिटून. "डोळ्याचं काय काम तिथं," म्हणायचा. "बोटं बघत्यात." बाहेर येताना बोटांत कांडं असायचं. त्याबद्दल कुणाकडून चहाशिवाय काही घेतलेलं नाही. पंचायतीच्या निवडणुकीला मात्र उभा राहिला तेव्हा पडला. हाताला मत देतात, माणसाला नाही, असं जगदेवी त्यावर म्हणायची.

काल दुपारी त्यानं गौरव्वाच्या घशात हात घातला. काही लागलं नाही. संध्याकाळी परत घातला. आज उजाडल्यावर परत. तीन वेळा हात लाळेनं कोपरापर्यंत भिजून रिकामाच बाहेर आला, आणि सिद्धलिंगच्या चेहऱ्यावर जगदेवीनं जे पाहिलं ते तिनं त्या पडलेल्या निवडणुकीतसुद्धा पाहिलं नव्हतं.

"म्या मॅडमला फोन लावते," ती म्हणाली.

"कशाला? त्या पोरीचा हात कोपराएवढाबी लांब न्हाय."

तिनं फोन लावला.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या भाग्यश्री मॅडम दुपारच्या आत स्कूटीवरून आल्या. ढोकीकडची मुलगी, तिशीची, उन्हानं रापलेली. एरवी स्कूटीवरून उतरल्या उतरल्या तडक गोठ्यात शिरून जनावराच्या पाठीवर थाप मारायची तिची सवय. आज दारातच थांबली. गौरव्वाकडं बघत उभी राहिली आणि मग एकदाच टाळी वाजवली.

म्हैस नखशिखांत हादरली. विजेच्या तारेला चिकटल्यासारखी. चारही पाय ताठ, कान उभे, डोळे पांढरे.

"बादली दाखवा लांबून," मॅडम म्हणाली.

जगदेवीनं बादली पुढं सरकवली. पाण्याचा वास लागला तशी गौरव्वा दावं तुटेल एवढ्या जोरानं पुढं आली, नाकापर्यंत तोंड बुडवलं, आणि मग तिला पुढं काय करायचं तेच कळेना. जबडा हलत होता पण पाणी आत जात नव्हतं. तोंडात आलेलं नाकातून परत बाहेर पडत होतं. तिनं तोंड वर काढलं, पाण्याकडं बघितलं आणि रेकली. त्या रेकण्यात आवाज कमी आणि वारा जास्त होता.

"तहान लागलीय तिला," मॅडम म्हणाली. "गिळायच्या नसाच चालत नाहीत." मग वळली. "तोंडात हात कुणी घातला?"

"म्या," सिद्धलिंग म्हणाला. थोडा ताठ होऊन. "दुसरं कोन घालनार?"

"दाखवा."

त्यानं हात पुढं केला. करडईची काढणी चालू होती. हाताला कितीही फडकी गुंडाळली तरी काटे आत जायचे ते जायचेच. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक ओरखडे होते, काही वाळलेले, काही ताजे, लाल. मॅडमनं हाताला हात लावला नाही. नुसतं बघितलं, आणि तिचा आवाज एकदम हळू झाला, जसा आजारी माणसाच्या खोलीत होतो.

"काका, आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवा. घाई नाही करायची, बराच वेळ धुवायचा. आणि आजच्या आज उमरग्याला सरकारी दवाखान्यात जायचं. लस घ्यायची. म्हैस पिसाळलीय."

सिद्धलिंग हसला. खरोखर हसला.

"मॅडम, पिसाळल्यालं जनावर धन्याला वळकतं व्हय?"

"काका…"

"थांबा. बगा." तो गोठ्याच्या दारात गेला आणि हळू, गोड आवाजात हाक मारली. "बा, गौरव्वा. बा." जनावराशी तो कानडीतच बोलायचा. ये, बाई, ये.

टाळीला हादरलेली, पाणी गिळता न आलेली ती म्हैस वळली. नाकपुड्या फुलल्या. तिनं हवा ओढली, एकदा, दोनदा, आणि दाव्याच्या टोकापर्यंत येऊन मान लांब करून त्याच्या सदऱ्याची बाही चाटायला लागली. ओल्या, खरबरीत जिभेनं, घाईघाईनं.

"बगितलं?" सिद्धलिंगचे डोळे भरले होते. "ही पिसाळली? ही?"

मॅडमनं त्याच्या पाठीमागून सदरा धरला आणि त्याला मागं ओढलं. एवढ्या जोरात की तो भिंतीवर आपटला.

"वळकते हो!" ती ओरडली, आणि मग म्हशीकडं बघून परत आवाज खाली आणला. "ओळखते. मी कुठं नाही म्हणते? तुमचा वास तिच्या नाकातनं सरळ डोक्यात जातो, ती वाट अजून बिघडली नाही. सगळं एकदम बिघडत नाही, काका. आधी आवाज सहन होत नाही, उजेड सहन होत नाही, गिळता येत नाही. तोंडाच्या नसा चेकाळतात, म्हणून चाटायला, चावायला जातं जनावर. ती प्रेमानं चाटते का नस चाटायला लावते, हे तिलाही माहीत नसेल. पण लाळेत ते आहे."

"तपासा मग. रगत घ्या."

"जिवंतपणी खात्रीची तपासणी नाही. गेल्यावर मेंदूचा तुकडा पाठवायचा असतो."

"म्हंजे तुमाला पक्कं ठाऊक न्हाय."

"नाही," मॅडम म्हणाली. "पण पक्कं होईपर्यंत थांबायला तुमच्या हाताला वेळ नाही."

सिद्धलिंगनं बाही खाली ओढली, गुंडी लावली आणि मागच्या दारानं निघून गेला. अपमान झालेला माणूस जातो तसा, पाहुणचार न घेता.

स्कूटीपाशी मॅडमनं जगदेवीला समजावलं. विष सापाचं असतं ते रक्तानं जातं, झरझर. हे पिसाळल्याचं तसं नाही. हे नसांच्या आतून जातं, मुंगी दोरीवरून चालावी तसं, वर, मेंदूकडं. मेंदूत पोचलं की तिथून उलट फिरून लाळेत उतरतं, आणि मग जनावराला चावायला लावतं, म्हणजे पुढच्याच्या अंगात जायची सोय. एकदा मेंदूत पोचलं की जगात कुठलंही औषध नाही. वाटेत असेपर्यंत आहे.

"म्हंजे ते आता ह्यांच्या हातात चालतंय?" जगदेवीनं विचारलं.

"असेल. नसेल. काकांना वाटेतच गाठायचंय." मॅडमनं हेल्मेट हातात घेतलं, घातलं नाही. "काकू, म्हशीला काही चावलं होतं का? तोंडाला? दीड-दोन महिन्यांत?"

जगदेवीला येळवस आठवली. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळा गाव शेतात. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, उंडे. येईल त्याला बोलावून वाढायचं, पोट भरलंय म्हणणाऱ्याला तर आग्रहानं. खरकट्यावर कुत्री जमली होती. गौरव्वाला कोपीशेजारी बांधलेलं. संध्याकाळी घरी आल्यावर तिच्या वरच्या ओठावर फाटल्यासारखं दिसलं होतं. बांधावरच्या तारेनं कापलं म्हणून सिद्धलिंगनं हळद भरली होती आणि तारेला दोन शिव्या दिल्या होत्या.

तिची बोटं स्वतःच्याच वरच्या ओठावर गेली. मॅडमनं ते बघितलं आणि हेल्मेट घातलं.

"तिच्याजवळ कुणी जायचं नाही. गोठ्यात अंधार करा, दाराला पोतं लावा. भांडं आपटू नका, बोलू नका. तुमच्या हाताला लाळ लागली असेल तर तुम्हीपण सुई घ्या. मला दुसऱ्या गावचं बोलावणं आलंय, जावंच लागेल. उद्या सकाळी येते. आज यांना न्या, काकू. उचलून न्या."

उचलून न्या म्हणणं सोपं होतं. सिद्धलिंग वजनाला हलका होता. जड होती ती त्याची मान.

जगदेवीनं आधी जेवणाचा डाव टाकला. ताट वाढलं, आणि मागच्या अंगणात, चुलत दीर माणिकप्पाच्या भिंतीला टेकून बसलेल्या नवऱ्याला बोलावलं. "या. पण आधी हात धुवा, तेल लागलंय सगळं." तो आला. मोरीवर उकिडवा बसला. तिनं त्याच्या हातात साबण दिला आणि तांब्यानं पाणी ओतायला सुरुवात केली. ओतलं, परत ओतलं. त्यानं हात झटकला तशी ती म्हणाली, "कोपराला ऱ्हायलंय." परत साबण. परत पाणी.

"हाताचं काय बाळंतपण करतीस का?"

"तेल निघंना."

"ए."

"काय?"

"म्या येडा न्हाय." पण त्यानं हात मागं घेतला नाही. रांजण अर्धा होईपर्यंत ती ओतत राहिली आणि तो पाणी ओरखड्यांवरून वाहताना बघत राहिला. मग उठला, ताटाकडं न बघता म्हणाला, "भूक न्हाय," आणि परत भिंतीपाशी जाऊन बसला.

तिनं माणिकप्पाला गाठलं. त्याच्याकडं पिकअप होती आणि तोंड त्याहून मोठं.

"दादा," माणिकप्पा दातात काडी घालून म्हणाला, "सुईला भितोस व्हय रं? निवडनुकीला एवढी मोठी सुई टोचली लोकांनी, तवा कुठं रडलास?"

"तुझ्या बैलाच्या नरड्यातनं कांडं काढलं तवा कुठं हुती तुझी सुई?"

"आरं पर वैनी म्हनती…"

"वैनीला घिऊन जा की मग. फिरवून आन उमरगा."

माणिकप्पानं काडी थुंकली. जगदेवीला बाजूला घेऊन म्हणाला, "वैनी, गाडी दारात लावून ठिवतो. कधीबी हाक मारा. ह्यो मानूस बोलण्यानं हलनारा न्हाय, ह्याला टोचनीच लागंल." आणि खरंच गाडी लावून, तिच्यातच बसून राहिला.

जगदेवीनं मग सगळं केलं. भांडली. रडली. लेकीला, शिवलीलाला, कलबुर्गीला फोन लावून कानाशी धरला. सिद्धलिंगनं लेकीला, "तुझी आई उगं घाबरतीय, जावयाला नमस्कार सांग," म्हणून फोन परत दिला. मग तिनं त्याला गळ्यातल्या इष्टलिंगाची शपथ घातली. त्यावर त्यानं डोळे मिटले, हाताची बोटं सदऱ्यावरून लिंगाला लागली आणि तिथंच राहिली. पण उठला नाही.

ऊन भिंतीवर सरकत होतं. जगदेवीला ते सरकताना दिसत होतं, आणि त्याच चालीनं दुसरंही काहीतरी सरकतंय असं तिला वाटत होतं, करडईच्या ओरखड्यातून आत, कोपराकडं. नवऱ्याचा हात तिनं तीस-बत्तीस वर्षं पाहिला होता. आज त्या हाताच्या आत काय आहे याचा विचार ती पहिल्यांदाच करत होती. बारीक दोऱ्या. लोकांच्या जनावरांच्या घशात अंधारात बघणाऱ्या त्याच दोऱ्या. त्यांच्यावरूनच ते वर चढणार होतं.

गोठ्यातून आवाज आला. गौरव्वा गव्हाणीवर डोकं आपटत होती. आपटायची, थांबायची, मग तो घोगरा, वाऱ्याचा आवाज काढायची.

सिद्धलिंग उठला.

जगदेवीला वाटलं, उठला एकदाचा. पण तो स्वयंपाकघरात गेला, तेलाची वाटी घेऊन बाहेर आला, बाही वर सरकवली.

"काय करताय?"

"खोलात हाय काहीतरी. म्या लवकर हात काढला सकाळी. आडवं बसलं आसंल." तो तिच्याकडं बघत नव्हता. "तू दांडकं धर."

"अवो, मॅडम काय म्हनल्या…"

"मॅडमला पक्कं ठाऊक न्हाय! तीच म्हनली!" त्याचा आवाज फाटला. "मला निगू दे काहीतरी, जगे. एक कांडं निगू दे. एवढं एक निगू दे."

जगे. किती वर्षांनी त्यानं तिचं नाव घेतलं होतं, आणि ते अशा वेळी.

जगदेवीनं त्याच्या हातातून वाटी घेतली. तिला स्वतःलाच कळलं नाही ती काय करतेय. बांगड्या वर सारल्या, वाटीत हात बुडवला, कोपरापर्यंत चोपडला.

"तुमचा हात आता जाड झाला," ती म्हणाली. "माजा बारीक हाय. म्या बघते."

आणि दाराचं पोतं बाजूला करून आत गेली.

आत अंधार होता आणि लाळेचा आंबूस वास. गौरव्वाचं डोकं खाली होतं. जगदेवी पुढं सरकली. म्हशीनं डोकं वर केलं, आणि तिच्या डोळ्यांत जगदेवीला ओळखही दिसली नाही आणि राग पण दिसला नाही. नुसती भीती दिसली. घर पेटलेलं असताना आत अडकलेल्या माणसाच्या डोळ्यांत असेल तशी. तरी तिनं हात पुढं केला, त्या उघड्या, फेसाळलेल्या तोंडाकडं.

"हो मागं!"

सिद्धलिंगनं मागून तिच्या कमरेला मिठी घातली. दोघं शेणात पडले. दोघं जिथं उभे होते तिथल्या रिकाम्या हवेत म्हशीचं डोकं येऊन गेलं, दावं ताणलं, खुंटा करकरला. तो तिला तशीच ओढत, फरफटत दाराबाहेर घेऊन आला.

"मरशील! मरशील ना, येडे! हात घालतीस? तिच्या तोंडात हात घालतीस?"

जगदेवी अंगणात बसली होती. लुगड्याला शेण, हाताला तेल. तिला धाप लागली होती.

"शहानी हाय ना ती?" ती म्हणाली. "कांडं अडकलंय ना?"

जे बोलून गेलो ते सिद्धलिंगला आता ऐकू आलं. माणिकप्पा गाडीतून उतरून फाटकाशी उभा होता. पहिल्यांदाच त्याच्या तोंडात काही नव्हतं, ना काडी ना शब्द.

सिद्धलिंग हळूहळू तिच्यासमोर खाली बसला. स्वतःचा उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडं बघत राहिला, जसा दुसऱ्याचा हात कुणी ठेवायला दिलाय.

"वीरप्पा काकाला कोल्हा चावला हुता," तो म्हणाला. "म्या एवढुसा. झाडपाला केला, मंत्र केला, मग कदीतरी सोलापूरला नेऊन पोटात सुया दिल्या. रोज एक. सुया घिऊन आला आन् आठ दिसांत… खोलीत कोंडलं हुतं. दाराच्या फटीतनं म्या बगायचो. पानी मागायचा. दिलं की ओरडायचा. मला नावानं हाक मारायचा, जगे. वळकत हुता. शेवटपातूर वळकत हुता." त्यानं तोंड पुसलं. "म्या आता सुई घेतली म्हंजे झालंच ना? म्हंजे मानलंच ना आपुन, की झालंय?"

"काका उशिरा गेले," जगदेवी म्हणाली. "झाडपाल्यात दिस घालवले. तुमी काय घालवताय?"

त्यानं मांडीवरचा हात उलटा केला, ओरखडे खाली गेले.

"मला एकटीला ठिवून जायचं आसंल तर तसं सांगा. पर त्या म्हशीसाठी मरू नका. तिला कळनार बी न्हाय तुमी मेल्यालं."

हे ती बोलली आणि तिला स्वतःलाच ते क्रूर वाटलं. पण तेच लागू पडलं की काय कोण जाणे. सिद्धलिंग भिंतीला धरून उठला आणि अनवाणीच पिकअपकडं चालायला लागला. जगदेवी त्याच्या चपला हातात घेऊन मागं धावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी ओरखडे भिंगाच्या दिव्याखाली धरून बघितले. दंडात एक सुई दिली आणि मग एकेका ओरखड्याच्या कडेनं, कातडीखाली, दुसरं औषध भरायला सुरुवात केली. करडईचे ओरखडे पुष्कळ होते. सिद्धलिंगचा तो प्रसिद्ध हात टेबलावर पसरलेला होता आणि दर वेळी बोटं आपोआप मिटत होती. नर्सबाई परत उघडायच्या. त्यानं आवाज काढला नाही. एकदाच विचारलं, "हेच तिला दिलं तर?"

"म्हशीला? लक्षणं दिसायला लागल्यावर कुणालाच उपयोग नाही हो," डॉक्टर म्हणाले.

जगदेवीनं आपल्याही दंडात सुई घेतली. तिनं आवाज काढला. दोघांपैकी कुणीतरी काढायला हवा होता.

"नक्की ना, डॉक्टर?" तिनं विचारलं.

"वेळेत आलात. पुढच्या तारखा चुकवू नका."

जगदेवीनं तेवढ्यावर समाधान मानायचं ठरवलं. ठरवलं आणि झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाग्यश्री मॅडम आल्या तेव्हा गौरव्वा खाली बसली होती. बसली म्हणण्यापेक्षा मागचे पाय गेले होते. आवाज आता नव्हताच, फक्त तोंड उघडायचं. मॅडमनं लांबूनच, काठीला बांधलेल्या सुईनं गुंगीचं औषध दिलं. जेवढं देता येईल तेवढं. वरिष्ठांना कळवलंय, म्हणाली, मेल्यावर जेसीबी आणून खोल पुरायची, कातडं कुणी काढायचं नाही.

सिद्धलिंग हाताला पट्ट्या बांधून ओट्यावर उभा होता. तो अंगणात उतरला. एक शब्द बोलला नाही, पायांचा आवाजही होऊ दिला नाही. तरी दाराच्या पोत्याआड हालचाल झाली. दावं ताणलं गेलं. शेणावर खूर घासल्याचा, अंग उचलून परत पडल्याचा आवाज. परत उचलल्याचा. परत पडल्याचा.

"काका, थांबा," मॅडम हळूच म्हणाली. "तुमचा वास लागला तिला. उठायला बघते. पाय नाहीत, तरी उठायला बघते. आता गुंगी चढत होती."

सिद्धलिंग जागच्या जागी उभा राहिला.

जगदेवीला वाटलं, हा आता आत धावणार. तिनं पदर कमरेला खोचला. पण तो खाली वाकला. कोपऱ्यातल्या ढिगातला मूठभर भुसा त्यानं डाव्या हातात घेतला, हात उंच केला आणि बोटं सैल सोडली. भुसा तिरका उडाला, गोठ्याकडं. त्यानं तो उडताना नीट बघितलं. मग गोठ्याला लांबून वळसा घालून, चिंचेच्या झाडापलीकडं, करडईच्या शेताच्या कडेला गेला, आणि जिथून गौरव्वाचा वास त्याच्याकडं येईल पण त्याचा तिच्याकडं जाणार नाही अशा जागी बांधावर खाली बसला.

गोठ्यातलं घासणं थोड्या वेळानं थांबलं.

जगदेवी तांब्याभर पाणी घेऊन त्याच्यापाशी गेली. त्यानं घोट घेतला. ती त्याच्या गळ्याकडं बघत होती. कंठमणी वर गेला, खाली आला. दुसरा घोट. वर, खाली.

"जातंय," सिद्धलिंग तिच्याकडं न बघता म्हणाला. "रोज बगनार हायस का?"

"रोज."

त्यानं तांब्या तिच्या हातात दिला. ती त्याच्याशेजारी, वाऱ्याच्या त्याच बाजूला, बसली. गोठ्याकडून घोगरा, जेमतेम ऐकू येईल असा श्वास आला. सिद्धलिंगची मान वळली. हाक मारायला त्याचे ओठ उघडले, आणि त्यानं पट्ट्या बांधलेला हात उचलून स्वतःच्याच तोंडावर दाबून धरला.